नवी अक्कल, जुना दोरा

मित्रांनो, कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीला लागून जी लाल मोटारसायकल उभी दिसते ना, ती मी. मी आता जुनी झाले आहे. मला 'स्पोर्ट्स बाईक' म्हणतात, म्हणून लहान मुले थांबून माझ्याकडे बघतात आणि म्हातारी माणसे मान हलवत पुढे जातात. माझी गोष्ट सांगायला घेतली आहे खरी, पण तिचा अर्थ मला स्वतःलाच नीट लागलेला नाही. ऐकून तुम्हाला लागला तर बघा.

माझा जन्म चाकणच्या बाजूला एका कारखान्यात झाला. तिथे मला चाके मिळाली, इंजिन मिळाले आणि सीटखालच्या एका छोट्या डबीत थोडी अक्कलही मिळाली. या अकलेला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. दोन्ही चाकांजवळ माझा एकेक डोळा आहे. चाक किती वेगाने फिरते ते तो डोळा डबीला कळवतो. मागचे चाक पुढच्यापेक्षा जास्त भरभर फिरू लागले, की ते घसरत आहे असे मी समजते आणि इंजिनाचा जोर आपोआप कमी करते. एवढे एकच शहाणपण, पण त्याचा मला केवढा अभिमान होता!

माझ्या पहिल्या मालकाने मला हौसेने घेतले, मित्रांना दाखवले आणि मग कापडाखाली झाकून ठेवले. कापडाखाली दिवस मोजता येत नाहीत. माझी बॅटरी उतरली, साखळीला गंज धरला. कुणी कापड उचलायला आले, की वाटे, आज निघायचे. पण ते कापडच झटकायला आलेले असत. तेव्हा मला फार एकटे वाटे.

मग ऋचा आली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तिने माझ्या टाकीवर हात ठेवला आणि दुसऱ्याच आठवड्यात मी कर्वेनगरात आले. तिचे बाबा, श्यामसुंदरराव, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला एकदा पुढून पाहिले, एकदा मागून पाहिले आणि म्हणाले, "दोन चाकांवरच बसायचं होतं, तर सायकल काय वाईट होती?" पद्मजाकाकू, म्हणजे ऋचाची आई, हसल्या. मला मात्र या घरात आपण नकोशा आहोत एवढे कळले.

पण माणसे मोठी चमत्कारिक असतात, मित्रांनो. दसऱ्याच्या सकाळी माझी सगळ्यात मनापासून पूजा केली ती याच श्यामसुंदररावांनी. त्यांनी मला धुतले, हळदकुंकू वाहिले, आपट्याचे पान ठेवले, चाकाखाली लिंबू ठेवले. हार त्यांनी स्वतः ओवला होता. दोरा पक्का हवा म्हणून पद्मजाकाकूंच्या विरलेल्या शालूची जर त्यात वळली होती. ऋचा म्हणाली, हार हँडलला घाला. त्यांनी ऐकले नाही. त्यांच्या जुन्या स्कूटरला ते कायम पुढच्या चाकापाशीच हार बांधत. गाडी पाऊल टाकते तिथे देव हवा, असे त्यांचे म्हणणे. बांधताना ते हळूच पुटपुटले, "सांभाळ गं तिला." ते मी ऐकले, ऋचाने नाही.

पुढे फुले सुकून गळून पडली आणि हार सगळे विसरले.

त्यानंतर माझी मतीच गुंग झाली. रस्ता कोरडा असे, ऊन लख्ख पडलेले असे आणि अचानक पुढचा डोळा सांगे, पुढचे चाक मंदावले. मागचा सांगे, मी तर भरभर फिरतो आहे. म्हणजे घसरते आहे! मी घाबरून जोर काढून घेई. पुढच्याच क्षणी दोघेही म्हणत, काही नाही, सगळे ठीक आहे. स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवावा की नाही, हेच मला कळेना.

एका रविवारी ऋचा मला घेऊन खडकवासल्याला निघाली. पुढे पाण्याचा टँकर होता. त्याला मागे टाकायला तिने वेग घेतला, आम्ही अगदी त्याच्या बरोबरीला आलो आणि नेमक्या त्याच वेळी पुढच्या डोळ्याने मला घसरल्याची वर्दी दिली. मी जोर सोडला. समोरून बस येत होती. ऋचाने कसेबसे मला टँकरच्या मागे घातले. रस्त्याच्या कडेला थांबून तिने इंजिन बंद केले. मला वाटत होते, मी तिला वाचवले. तिला वाटत होते, मी तिला मारलेच होते. आमच्यापैकी खरे कोण, हे तेव्हा मला ठरवता येईना.

घरी तिने ते फक्त आईला सांगितले. पण त्या घरात आईला सांगितलेले बाबांना कळायला चहा उकळण्याइतकाच वेळ लागतो. श्यामसुंदररावांनी आरडाओरडा केला नाही. गाडी विकून टाक, एवढेच ते म्हणाले. ऋचाने त्यांच्याकडे एक संधी मागितली. दुरुस्त करून घेते, तरीही पुन्हा असे झाले तर विकीन, असे तिने कबूल केले. त्यांनी तिच्याकडून तसा शब्दच घेतला.

मग माझ्या डोक्यात काय घालावे यावर चर्चा सुरू झाली. ऋचाचा मित्र आमोद म्हणाला, सॉफ्टवेअर जुने झाले आहे, नवे टाकून घे, गाडी लोण्यासारखी चालेल. इंटरनेटवर कुणी लिहिले होते, नवे सॉफ्टवेअर म्हणजे पुनर्जन्म. दुसऱ्याने लिहिले होते, शहरातल्या रस्त्यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. ऋचा वाचत बसे आणि जितके वाचे तितकी गोंधळे. मला कुणी विचारले नाही. विचारले असते तरी मी काय सांगणार होते? घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, हे मला तरी कुठे कळले होते!

शेवटी ऋचाने मला बिबवेवाडीतल्या एका गॅरेजमध्ये नेले आणि तिथल्या मेकॅनिकने डबीला लॅपटॉप जोडला. उभ्या उभ्या माझे दोन्ही डोळे शाबूत दिसले. दोष जुन्या सॉफ्टवेअरचाच, असे ठरले. माझी अक्कल पुसली आणि नवी भरली.

मित्रांनो, ते कसे वाटते सांगू? रस्ते तेच आठवत होते, पण त्यांच्याबद्दलचे माझे मत बदलले होते. पूर्वी वाळू लागली, की मी इंजिनाचा गळाच धरत असे. आता हलकेच हात धरावा तसा जोर कमी करू लागले. हे छान होते. पण मग पूर्वीची मी चुकीची होते का? आणि ती गेली कुठे?

चार दिवस सगळे सुरळीत चालले. पाचव्या दिवशी राजाराम पुलावर पुढचा डोळा पुन्हा तेच बरळला आणि नव्या अकलेनेही त्याचेच ऐकले. बिचारी नवी होती, पण तिलाही डोळे माझेच होते. ऋचाने मला कडेला घेतले. घरी जाऊन तिने शब्द पाळायचे ठरवले. शनिवारी गिऱ्हाईक येणार होते.

शनिवारी सकाळी बादली घेऊन श्यामसुंदरराव खाली आले. वस्तू दुसऱ्याला द्यायची तर स्वच्छ करून द्यावी, हा त्यांचा नियम. ते माझ्या पुढच्या चाकापाशी वाकले आणि एकदम थांबले. चाकाच्या मधोमध एक दातेरी कडे असते, त्याचेच दात माझा डोळा मोजतो. त्या कड्यात काहीतरी गुंतले होते. त्यांनी ते ओढून काढले. कुंकवाने माखलेला दोरा, त्यात शालूची जर. गाठ त्यांचीच.

त्यांनी दोऱ्याकडे पाहिले, मग वर बाल्कनीकडे पाहिले. तिथे कुणी नव्हते. जरीचे एक मोकळे टोक वेगात डोळ्यासमोर फडफडून त्याची मोजणी चुकवत होते आणि गाडी थांबली की दातांत दडून बसत होते, हे त्यांच्या लक्षात आले असावे. हेही लक्षात आले असावे, की ते गप्प राहिले तर तासाभरात मी जाईन आणि त्यांना रात्री शांत झोप लागेल. त्यांना हेच तर हवे होते.

वरून पद्मजाकाकूंनी हाक मारली, "अहो, चहा गार होतोय."

त्यांनी दोरा खिशात घातला आणि ते वर गेले. मला वाटले, संपले सगळे. त्यांचा रागही येत होता आणि मायाही वाटत होती.

थोड्या वेळाने ऋचा कागदपत्रे घेऊन खाली आली. मागोमाग ते आले. त्यांनी खिशातून दोरा काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"चाकात होता," ते म्हणाले. "माझाच आहे. दसऱ्याचा."

ऋचाने दोऱ्यातली जर बोटाने उलगडून पाहिली. मग म्हणाली, "म्हणजे सॉफ्टवेअर बदलायची गरजच नव्हती?"

"ते तुझ्या आमोदला विचार. तू शब्द दिला होतास तो गाडी बिघडली तर. मी बिघडवली तर, असं काही ठरलं नव्हतं."

"बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"हो ना," ते म्हणाले. "चहा पिताना तोच विचार करत होतो."

ऋचाने त्यांचा हात धरला. मग गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितले. पद्मजाकाकूंना सगळे कळल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवशी ऋचा मला घेऊन पुन्हा खडकवासल्याला निघाली. श्यामसुंदरराव पहिल्यांदाच माझ्यावर बसले, त्या उंच मागच्या सीटवर, तिच्या खांद्यांना घट्ट धरून. एका वळणावर वाळू सांडलेली होती. मागचे चाक खरोखर सरकले आणि मी हलकेच जोर कमी केला. दोघांनाही काही कळले नाही. बाबा तर मागून धरणाचे पाणी किती भरले आहे ते सांगत होते.

तेव्हापासून मी विचार करते आहे. त्या वळणावर मी सावरले, ते कौतुक नव्या सॉफ्टवेअरचे, की दोरा निघून स्वच्छ झालेल्या डोळ्याचे? की मागे ते बसले होते म्हणून मीच जास्त जपून चालले? जुनी अक्कल असती तर तिनेही आम्हाला सावरले असते का? ती आता नाही, कुणाला विचारू? नवे सॉफ्टवेअर घ्यावे की घेऊ नये, हे मला विचाराल तर मी अजूनही हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण एक विनंती करते. आमच्या डोक्यात नवे काही भरण्याआधी, मित्रांनो, एकदा खाली वाकून आमची चाके पुसून बघा. आणि त्यात कुणाच्या मायेचा दोरा अडकलेला सापडला, तर तो जपून सोडवा. त्या माणसावर रागावू नका.

परवा पुन्हा दसरा झाला. श्यामसुंदरराव हार घेऊन खाली आले. त्यांनी ऋचाला विचारले, "कुठे बांधू?" तिने हँडल दाखवले. त्यांनी हार हँडलला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसून माझे पुढचे चाक फिरवून नीट तपासले. उठताना ते पुन्हा पुटपुटले, "सांभाळ गं तिला." या वेळी ऋचानेही ऐकले.