डाव्याच्या जागेत

मी एका सुताराचं उजवं फुफ्फुस बोलतोय. जोडीतला मागे उरलेला. फार लांबण लावणार नाही, कारण हल्ली प्रत्येक श्वास मला एकट्यालाच ओढावा लागतो.

जन्मलो तेव्हा आम्ही दोघं होतो. डावा माझ्याहून जरासा लहान, कारण हृदयाला टेकायला त्याच्याच वाटणीतली जागा गेली होती. त्यानं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. बावन्न वर्षं आम्ही बरोबर फुललो, बरोबर मिटलो.

आमच्या मालकाला सगळे मिस्त्री म्हणतात. सोळाव्या वर्षी त्याच्या हातात रंधा आला, तो सुटलाच नाही. दारं, कपाटं, पाळणे, सगळं केलं. शेवटचा हात मात्र स्वतःचाच. पॉलिश पेपरनं घासायचं, नाक लाकडाला लावून फुंकर मारायची आणि उडालेली धूळ परत आत ओढायची. बायको म्हणायची, "अहो, तोंडाला फडकं तरी बांधा." हा म्हणायचा, "फडकं बांधून लाकडाचा वास कसा येणार?" त्याला वास यायचा, आम्हाला धूळ.

मग खोकला लागला. तो महिनोन्महिने हटला नाही. एक दिवस रुमालावर रक्त दिसलं. डाव्यात गाठ निघाली. ती कशानं झाली, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "डावं पूर्ण काढावं लागेल. उजवं चांगलं आहे, त्याच्यावर माणूस जगतो."

त्याच्यावर म्हणजे माझ्यावर. मला कोणी विचारलं नाही.

भूल उतरली तेव्हा शेजार रिकामा होता. आणि हृदय काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. आजवर दोघांत वाटून येणारं रक्त सगळंच्या सगळं माझ्या दारात आलं. इतके दिवस ज्या कोपऱ्यांना कधी जाग नव्हती, ते कोपरेही मी उघडले. तरी पुरत नव्हतं. मिस्त्री पलंगाची कड धरून बसायचा आणि दोन शब्दांच्या मध्ये थांबायचा. "पाणी," म्हणायचा. मग थोड्या वेळानं, "दे."

व्यायाम शिकवणारी बाई रोज यायची. नळीतून हवा ओढून डबीतले तीन गोळे वर न्यायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. मिस्त्रीनं डबी बाजूला ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. बाई म्हणाली, "मिस्त्री, कपाट एका दिवसात होतं का?" त्यानं डबी परत उचलली.

पुढचे महिने कसे गेले ते माझं मला ठाऊक. रिकाम्या जागेत हळूहळू पाणी साचत गेलं. हृदय तिकडे कललं. मीही पसरत पसरत मधली हद्द ओलांडून डाव्याच्या जागेत शिरलो. त्याच्या जागेत हातपाय पसरताना बरं वाटलं असेल, असं कोणी समजू नये. पण मी नसतो गेलो तर मिस्त्री गेला असता.

घर तिसऱ्या मजल्यावर. बायकोनं प्रत्येक वळणावर एकेक स्टूल ठेवलं होतं. आधी तो तिन्हींवर बसायचा, मग दोनांवर, मग एकावर. चौथ्या महिन्यात न बसता वर आला, तेव्हा ती दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

तिथेच माझा घात झाला.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं, "उजव्यानं छान सांभाळून घेतलंय. पण हे ताणलेलं आहे, मिस्त्री. नवीन फुफ्फुस उगवलेलं नाही. धुळीत पाऊल टाकायचं नाही." मिस्त्रीनं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. दुसऱ्याच आठवड्यात तो कारखान्यात होता. मी जितका जीव तोडून राबलो, तितकी त्याला खात्री पटली की एक पुरतो.

बारा दिवस. तेराव्या दिवशी ताप भरला. माझ्या खालच्या भागात पू झाला, तिथली दारं एकामागून एक बंद झाली. पूर्वी अशा वेळी डावा होता. आता मी वळून बघितलं तर नुसतं पाणी. मी ओढत होतो आणि येत काहीच नव्हतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, निळी पडलेली नखं, आणि त्याचे पाय चोळत बसलेली बायको. डॉक्टर तिला हळू आवाजात म्हणाले, "या फुफ्फुसाच्या मागे आता दुसरं कोणी नाही." मी ते ऐकलं.

वाचलो. पण जो खालचा कोपरा गेला, तो पूर्वीसारखा उघडला नाही.

आज सकाळी मिस्त्रीनं कामाचा शर्ट चढवला. एक बाही, मग दम. दुसरी बाही, मग दम. बायको बाहेर गेली आणि जिन्याच्या वरच्याच पायरीवर बसली.

"ऊठ," तो म्हणाला.

"नाही. मला ओलांडून जा."

"दाराचे दोन पल्लेच घासायचेत. हात रिकामे ठेवून मी काय करू?"

"कारखान्यातल्या पोरांना शिकवा. लाकूड निवडून द्या. नुसते बसा, माझ्याशी भांडा. पण तुमचा श्वास अडकलेला मला परत ऐकवत नाही हो."

त्याला राग आला. मला कळलं, कारण त्यानं मोठा श्वास मागितला. त्याला तिच्यावर ओरडायचं होतं. मी शोध शोध शोधलं. माझ्याकडे जेमतेम एका शब्दाची हवा निघाली.

"सरक," तो म्हणाला.

तिनं डोळे मिटले आणि भिंतीकडे सरकली. तिला वाटलं, हा चालला. मलाही तेच वाटलं.

कठड्याला धरून तो खाली वाकला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.

अजून दोघं तिथेच आहेत. ती त्याच्या शर्टाची बटणं सोडतेय. उद्या तो काय करेल, मला माहीत नाही. मिस्त्री, मी आणखी ताणू शकत नाही रे. जेवढं पसरायचं होतं, तेवढं पसरलोय.