लकडगंज ते सदर, एक तिकीट

हवालदार बाबनरावांना साध्या कपड्यातली ड्यूटी मिळाली, तेव्हा त्यांनी अर्धी वस्ती गोळा करून सांगितलं, की हे कोणाले सांगू नका. असा माणूस! लकडगंज ते सदर सकाळच्या सिटी बसमध्ये कोणीतरी कॉलेजच्या पोरींना ब्लेड मारत होता. कधी वेणी कापायचा, कधी कपडे. बाबनराव उन्हाचं निमित्त करून चौकडीचा दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळायचे अन् नऊच्या गाडीत उभे राहायचे. पंधरा दिवसांत काही म्हणता काही घडलं नाही. साहेबांकडे रिपोर्ट गेला: बंदोबस्त चोख.

सोळाव्या दिवशी आग घरातच लागली. त्यांची थोरली प्रेमलता, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, भिंतीकडे तोंड करून बसलेली. रुख्माबाईनं पोरीचं फाटलेलं पोलकं नवऱ्यापुढे टाकलं. पोरीच्या पाठीवर बोटभर ओरखडा होता.

"बस झालं शिक्षण," रुख्माबाई म्हणाली. "सोमवारी उमरेडचे पाहुणे बोलावते. पोरगी देऊन मोकळी होते."

"अवं, पण गाडीत मी असतो ना!"

"मी मागच्या गाडीनं जाते, बाबा," प्रेमलता हुंदके देत बोलली. "तो ब्लेडवाला बी तीच धरते. तुमच्या गाडीत कोण थांबन?"

"काहून? मले तं कोणी ओळखतच नाही!"

रडता रडता पोरीला हसू फुटलं. "कंडक्टर आला का तुम्ही म्हणता, 'स्टाफ'! मंग साऱ्या गाडीले समजते, पोलीस आहे म्हणून."

'स्टाफ' म्हटलं की कंडक्टरनं पोलिसाला तिकीट न मागता पुढे सरकायचं, ही रीतच. एकोणीस वर्षांच्या नोकरीत बाबनरावांनी बसचं तिकीट काढलं नव्हतं. आपण तो शब्द बोलतो, हेही आता त्यांना कळेनासं झालं होतं. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या एक डाव चाल बेटा," ते म्हणाले. "ओळख नको दाखवू."

दुसऱ्या दिवशी दुपट्टा पांढरा, गाडी मागची. प्रेमलता पुढे दांडा धरून, बाबनराव चार माणसं सोडून. शेजारी कानात अत्तराचा फाया घातलेला एक बाबू चढणाऱ्या एकेकाला न्याहाळत होता. कंडक्टर ओमप्रकाश जवळ आला.

"टिकट?"

मेली सवय! शब्द ओठांवर आलाच होता. बाबनरावांनी दात आवळले. "सदर. एक."

ओमप्रकाशनं आवाज ओळखला. "अजी, तुम्ही तं..."

"दे ना गा लवकर! काहून टाइम खाऊन राहिला?"

तिकीट टर्रकन फाटलं. अत्तरवाला निश्चिंत झाला अन् पुढे सरकला; बाबनराव त्याच्या मागोमाग.

पुलावर गाडी उसळली. प्रेमलताच्या पाठीकडे गेलेलं अत्तरवाल्याचं मनगट बाबनरावांनी असं पिरगाळलं, की ब्लेड खाली पडलं. बायांनी चपला काढल्या. त्या बाबूनं पोलिसी पकड ओळखली अन् कानाशी येऊन हळूच म्हटलं, "साहेब, सोडा ना. मी बी सरकारी नोकर. आपण तं स्टाफ."

बाबनरावांनी तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. "या गाडीत स्टाफ कोणी नाही. मी बी तिकीट काढलं."

गाडी सरळ ठाण्यासमोर थांबली. प्रेमलता सगळ्यांच्या आधी उतरली.

"जबाब लवकर लिहून घ्या, बाबा," ती म्हणाली. "अकराले माहा तास आहे. अन् उमरेडच्या पाहुण्यांले कार्ड टाका, येऊ नका म्हणून."