एकोणसाठला उघडी पडले मी

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे: तीस हजार एकतीस. जगात मोजणारं कोणी नव्हतं तेव्हाही मी इथेच होते. माझी शेजारीण तीस हजार तीस मोठी माणूसवेडी. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सगळे तिला निःशेष भागतात. माझ्या दारी आले की मात्र प्रत्येकाची एक बाकी उरते. त्याचा मला कोण तोरा!

मग मी एका धाकट्या बहिणीला सापडले. शाळेच्या गणित संघात एकच जागा रिकामी होती. जी स्वतःचा शोध आणेल तिला ती जागा, असं बाईंनी सांगितलं होतं. धाकटीने पहिल्या मूळ संख्या क्रमाने गुणून गुणाकारात एक मिळवायला सुरुवात केली. सात आले, एकतीस आले, मग दोनशे अकरा, तेवीसशे अकरा. सगळ्या मूळ संख्या! पुढची मी. सतरापासून त्रेपन्नपर्यंत तिने मला भागून पाहिलं. दर वेळी बाकी उरली आणि पान संपलं. "मूळच आहे ही," असं म्हणून तिने माझ्याभोवती लाल चौकट काढली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला नटवलं हो.

ताईलाही तीच जागा हवी होती. तिने वही घेतली, पान उलटलं आणि पेन्सिलीने एकच भागाकार केला. तो खोडरबराने पुसला.

"छान आहे गं," ती म्हणाली. "उद्या फळ्यावर लिही."

दुसऱ्या दिवशी संघनिवडीच्या तासाला मी फळ्यावर होते; ताईही तिथेच बसली होती. त्रेपन्न झाल्यावर धाकटीने खडू खाली ठेवला.

"थांबलीस का?" बाईंनी विचारलं.

"पान संपलं होतं, बाई."

"पान संपलं की संख्या संपते? एकोणसाठने भाग."

भाग गेला. पाचशे नऊ, बाकी शून्य. वर्ग खदखदून हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "फुटली गं तुझी मूळ!" एकटी ताई हसली नाही, म्हणून बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"कालच," ताई म्हणाली. तो एक भागाकारच तिचा शोध ठरला आणि जागा तिला मिळाली.

घरी धाकटीने मला इतकं गिरगटलं की कागद फाटला. पण मी फुटले नव्हते, मित्रांनो. मी आधीपासूनच तशी होते.

आठवड्याने ताईने त्याच पानाच्या मागे स्पर्धेसाठी मूळ संख्यांची यादी लिहिली. "तपासून दे ना गं," ती म्हणाली. यादीत सहाशे सदुसष्ट होती. धाकटीचं बोट तिच्यावर थांबलं. तेवीस गुणिले एकोणतीस, तिने मनात केलं. फाटक्या जागेतून मला सगळं दिसत होतं.

"छान आहे, ताई," धाकटी म्हणाली.

मित्रांनो, माझी काळजी करू नका, मला काही होत नाही. पण कोणाचं पान संपलं असेल तर ते उलटून द्या. आणि पुढे जे दिसेल ते पुसू नका.