तपकिरी डब्यावरचा पाव

...निळी पिशवी, मानेशी गाठ मारलेली, भिंतीतल्या खिळ्याला लटकलेली. आत वाळक्या पावाचे तुकडे, त्यातलं एक टोक प्लॅस्टिक फाडून बाहेर आलेलं — आणि तिच्या बरोबर खाली नगरपालिकेचा तपकिरी डबा, झाकणावर बोटभर धूळ. रफीकाने झाकण उचलून पाहिलं. रिकामा. वाटाण्याची टरफलं, संत्र्याच्या साली, माशांचे काटे, चहाचा चोथा, सगळं पलीकडच्या जुन्या हिरव्या डब्यात, बाकीच्या घाणीत कालवलेलं, माश्यांसकट.

तीन महिने हेच चाललं होतं. डब्यांची कल्पना तिची. ओला कचरा वेगळा मिळाला की त्याचं खत करायचं, खत जैतुनाच्या बागांना द्यायचं, म्हणजे गावाबाहेरच्या खड्ड्यात तो जाळावा लागणार नाही आणि संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या लावून बसावं लागणार नाही... आज अकराला पालिकेची सभा होती : डबे ठेवायचे की उचलायचे. पर्समध्ये तिनेच लिहिलेला अहवाल होता आणि त्यातलं शेवटचं वाक्य तिला पाठ होतं — ‘नागरिकांच्या उदासीनतेमुळे ही योजना पुढे चालवणे शक्य नाही.’ उदासीनता! हा शब्द लिहिताना बरं वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू? गावाच्या नावाने चार शिव्या देण्यापेक्षा हा एक शब्द किती सभ्य.

आणि ही पिशवी? ही कुठल्या ठरावाने लटकते, कुणाच्या दंडाला भिऊन? शिळा पाव इथे कुणी कचऱ्यात टाकत नाही. तो खिळ्याला लावायचा, मग मेंढ्यांवाला येऊन घेऊन जातो. पावाला इथे नेमत म्हणतात, देवाने दिलेली. म्हणजे वेगळं काढणं यांना येतं, आईच्या दुधाबरोबरच येतं... मग माझ्याच डब्याशी काय वैर?

बाबा, गावाचे सी शाजली, म्हणजे शाजलीसाहेब, रस्त्यात वाकायचे. पावाचा एवढासा तुकडा दिसला तरी वाकायचे, फुंकर मारून तो ओठांना लावायचे, मग कपाळाला, आणि कुणाचा पाय पडू नये म्हणून कुठल्या तरी भिंतीवर उंच ठेवायचे. चौदा वर्षांची रफीका तेव्हा दहा पावलं पुढे निघून जायची, हा माणूस आपला कुणी नाही अशी. शाळेतल्या मुली पाहत असायच्या ना.

दार उघडलं. शेजारची मबरूका, सगळ्या गल्लीची ‘खालती’ म्हणजे मावशी, बादली घेऊन उंबऱ्यात उभी होती.

“सकाळी सकाळी कचरा हुंगतेस? एवढी शिकलीस ती यासाठी?”

“खालती, खरं सांग. या डब्यात कुणी काहीच का टाकत नाही?”

“त्यात?” खालतीने बादली खाली आदळली. “तुमच्या पालिकेला लाज नसेल, आम्हाला आहे.”

“आता यात लाज कसली?”

“डोळे फुटले का गं तुझे? झाकणावर काय चिकटवलंय बघ!”

रफीकाने बाहीने धूळ पुसली. सफरचंद, अंड्याचं कवच, माशाचा सांगाडा आणि अर्धा पाव. चारही चित्रांवरून खाली जाणारा एक जाड हिरवा बाण.

“पालिका म्हणते नेमत कचऱ्यात टाका! आमचे हे म्हणाले, त्या डब्याला हात लावलास तर माझ्या ताटाला लावू नकोस.”

“मग तीन महिने मला कुणी बोललं का नाही?”

“तुला? सी शाजलींच्या मुलीला? कुठल्या तोंडाने सांगायचं, बाई? आम्हाला वाटलं, तूच...” खालती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, “चहा घेऊन जा.”

“नको. सभा आहे.”

खालती आत गेली. रफीका तिथेच उभी राहिली... ते चित्र टेबलावर आलं तेव्हा तिने नीट पाहिलं होतं. बाहेरच्या कुठल्याशा देशातल्या पत्रकावरून घेतलेलं, रंग चांगले, अक्षरं ठळक. पालिकेचं बोधचिन्ह तिने दोन बोटं डावीकडे सरकवायला लावलं होतं. चित्रावर सात सह्या झाल्या. सातही माणसं इथलीच, लहानपणी पाव पाडला म्हणून मार खाल्लेली, आणि एकालाही पाव दिसला नाही. नाही — मला दिसला. मला दिसला आणि मी मनात म्हटलं, ओला कचरा, प्रकार चौथा.

तिने नखाने तेवढं चित्र खरवडलं. पाव अखंड निघाला, आणि मग तो कुठे टाकावा हेच तिला सुचेना. हिरव्या डब्यात? रस्त्यावर? नुसता चिकट कागद, पण हात उघडेना. शेवटी अहवालाच्या पानांत तो घालून ती निघाली.

सभागृहात पंखा कुरकुरत होता. नगराध्यक्ष सी मुन्सिफ घड्याळ पाहत म्हणाले, “वाचा, रफीकाबाई. लोकांना नको असेल तर उचलू डबे. उगाच डोक्याला ताप कशाला?”

वाचलं की सुटले. डबे जातील, खड्डा पेटत राहील, दोष गावाचा. आणि खरं सांगितलं तर कदाचित डबे राहतील... पण मग तय्यबच्या दुकानापासून मशिदीपर्यंत एकच बोलणं, शाजलीच्या पोरीला पाव ओळखता येत नाही.

तिने अहवाल उघडला तसा तो कागद घसरून फरशीवर पडला, कुणाच्या तरी बुटाशेजारी. ती झटकन वाकली. उचलला, फुंकर मारली, आणि हात आपसूक वर निघाला, ओठांकडे... मध्येच थांबला. सगळे पाहत होते. गावावरचा तीन महिन्यांचा राग तिने आत शोधला, तो नव्हता. तिथे लाज होती, जुनी, चौदा वर्षांच्या मुलीची, पण आता ती बाबांची वाटत नव्हती.

“वाचा ना,” सी मुन्सिफ म्हणाले.

शेवटचं वाक्य समोर होतं, तिच्याच अक्षरात, आणि ते तिला वाचता येईना.