गुरुवारचा हिरवा ठिपका

बायकोच्या फोनमध्ये डोकावणं हा आपल्याकडे गुन्हा धरत नाहीत, काळजी धरतात. मंडळी, खोटं असेल तर सांगा! कोपरला राहणाऱ्या फ्लेव्हियनलाही तसंच वाटायचं. त्याने बायकोच्या, म्हणजे कार्मेलच्या, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या, जोॲनच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं. दोघी कुठे आहेत ते त्याला नकाशावर दिसायचं. दोन हिरवे ठिपके. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर तो वीस वर्षं सांभाळत होता. माल कधी आला, कुठे गेला, सही कुणाची आहे, हे बघण्यात दिवस जायचा, आणि घरी आल्यावरही त्याचं तेच चालायचं.

"सेफ्टीसाठी आहे गं," तो म्हणायचा. "दिवस कसले आलेत बघतेस ना?"

कार्मेल ठाण्याला एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. साडेपाचला सुटायची आणि घरी यायची. पण गेले तीन गुरुवार तिचा ठिपका साडेपाचला शाळेच्या फाटकात विझत होता आणि पावणेसातला एकदम ठाणे स्टेशनवर उगवत होता. मधला सव्वा तास गायब!

पहिल्या गुरुवारी त्याने विचारलं, तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "चर्चला गेलेले. तलावपाळीजवळच्या. गुरुवारी पवित्र तास असतो ना तिकडे, साक्रामेंतासमोर, वेदीवरच्या पवित्र भाकरीसमोर, गप्प बसायचं तासभर. तिथे फोन बंद ठेवतात."

उत्तर सरळ होतं. दुसरा कुणी 'बरं' म्हणाला असता आणि ताटावर बसला असता. पण एकदा डोक्यात किडा शिरला की माणसाला सरळ उत्तरच वाकडं दिसायला लागतं. चर्चमध्ये फोन बंद करतात, मान्य. मग हिचा शाळेच्या फाटकातच कसा बंद होतो? आणि डोंबिवलीचं आपलं चर्च सोडून ठाण्याचंच का? त्यात दुसऱ्या गुरुवारी ती कानात मोत्याचे टॉप्स घालून गेलेली. तिसऱ्या गुरुवारी घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. टॉप्स का, आणि डोळे लाल का! फ्लेव्हियनने दोन्ही गोष्टी मनात टिपून ठेवल्या.

संध्याकाळी त्यांच्या घरात आल्तारासमोर, म्हणजे घरच्या छोट्या वेदीसमोर, जपमाळ व्हायची. फ्लेव्हियनच्या आईवडिलांपासूनची पद्धत होती ती, आणि त्याने ती मोडू दिली नव्हती. त्याचं कौतुकच करायला हवं. प्रार्थनेआधी सगळ्यांनी आपापले फोन वेताच्या टोपलीत ठेवायचे, हा नियमही त्याचाच. त्या दिवशी जोॲनने टोपली पुढे केली.

"पप्पा, तुमचा?"

"माझ्या फोनवर कारखान्याचे कॉल येतात, बाळा."

जोॲनने टोपली आल्ताराखाली ठेवली. फ्लेव्हियन गुडघ्यावर बसला, एका हातात माळ आणि दुसऱ्या हातात फोन. प्रार्थना तोंडाने चालू होती आणि अंगठा गुरुवारचा नकाशा मागेपुढे सरकवत होता. आता बोला!

कार्मेलने त्याच आठवड्यात स्टुलावर चढून कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. "मे महिन्यात जोॲनला घेऊन उत्तनला जाईन म्हणते, आईकडे," ती म्हणाली. परत कधी येणार ते ती बोलली नाही, आणि तेही त्याने टिपून ठेवलं.

आता यातली गंमत ऐका. हाच फ्लेव्हियन आणि हीच कार्मेल चर्चच्या हॉलमध्ये लग्नाआधीचा वर्ग घ्यायचे. आपल्या चर्चमध्ये लग्न करायचं तर मुलामुलीला आधी हा वर्ग करावा लागतो. जुनं जाणतं जोडपं येऊन नव्यांना चार गोष्टी सांगतं. फ्लेव्हियनचा विषय ठरलेला होता: घराचा कर्ता. बोलायचाही झकास.

"नवरा म्हणजे घराचं मस्तक," त्या रविवारी तो म्हणाला. "मस्तकाला सगळ्या शरीराची खबर हवी. बायको कुठे आहे, मुलं कुठे आहेत, हे ज्या बापाला माहीत नाही तो कसला बाप?"

पुढच्या बाकावरचा रत्नदीप मान डोलवत होता. रत्नदीप आणि सोनल, दोघंही नगरकडच्या ख्रिस्ती घरांतली, आता डोंबिवलीत राहणारी. लग्न महिन्यावर आलं होतं. अमुक आणि तमुकचं लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर कळवा, असं चर्चमध्ये तीन रविवार वाचून दाखवतात. त्यांचं दोनदा वाचून झालेलं.

वर्ग सुटल्यावर रत्नदीप धावत आला. "सर, ते ॲप कुठलं? आमच्या सोनलच्या मोबाईलमध्ये पण टाकून द्या ना. आत्ताच."

"दे की," फ्लेव्हियन खुशीत म्हणाला.

सोनलने फोन छातीशी धरला. "अरे, पण कशाला? मी सांगते ना तुला कुठे जाते ते."

"सर काय म्हणाले ऐकलंस ना? लपवायचं काही नसेल तर दे ना! काय टेन्शन आहे?"

सोनलने कार्मेलकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या फोनमध्ये पण आहे?"

"आहे," कार्मेल म्हणाली.

"मग बरं वाटतं का तुम्हाला?"

कार्मेल वह्या गोळा करायला लागली. सोनलने मुकाट्याने फोन पुढे केला आणि फ्लेव्हियनने स्वतःच्या हाताने त्यात ॲप चढवून दिलं!

हे सगळं मागच्या खुर्चीवरून पॉल सर बघत होते. बहात्तर वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. हा वर्ग त्यांनीच सुरू केलेला. सगळे गेल्यावर त्यांनी फ्लेव्हियनला खुर्च्या रचायला थांबवून घेतलं.

"फ्लेव्हियन, तुला कार्मेलविषयी काही शंका आहे का?"

त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. मग त्याने भडाभडा सगळं सांगितलं. ठिपका, फाटक, टॉप्स, लाल डोळे, बॅग.

"तिने सांगितलं ना, चर्चला जाते म्हणून?"

"सांगायला काय जातं, सर? मला खात्री नको? घराचा कर्ता आहे मी."

"आहेसच. मी ते नाकारत नाही," पॉल सर शांतपणे म्हणाले. "पुरुषाने घर पुढे न्यावं, हे मी चाळीस वर्षं शिकवतोय. पण तू पुढे कुठे चाललायस? तू तर त्यांच्या मागे मागे फिरतोयस! ज्याच्या नावाने आपण स्वतःला मस्तक म्हणवतो, त्याने शिष्यांचे पाय धुतले. ते पाय कुठून चिखल घेऊन आले याची चौकशी केली का त्याने?"

"सर, पण खरंच काही असलं तर?"

"तर ते तुला नकाशात नाही, तिच्या तोंडून कळेल. आणि तिने आपणहून तुला सांगावं असा नवरा तू आहेस का, ते आधी बघ. लग्न हा देवासमोर दिलेला शब्द आहे. तिच्याकडून शब्द घेतलास आणि आता रोज तिच्याकडे पुरावा मागतोयस. हे लग्न नाही रे, हा पहारा झाला."

फ्लेव्हियनने मान हलवली. पटलं? छे! पुढच्या गुरुवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ठाण्याला शाळेसमोरच्या रसाच्या दुकानाआड जाऊन उभा राहिला.

साडेपाचला कार्मेल फाटकातून बाहेर आली. तिने फोन काढला, बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चालायला लागली. फ्लेव्हियन वीस पावलं मागे. रिक्षांच्या गर्दीतून, तलावाच्या कडेने, ती थेट चर्चच्या आवारात शिरली आणि बाजूच्या छोट्या प्रार्थनागृहात गेली. तो खिडकीशी आला. आत चार म्हाताऱ्या बायका, एक सिस्टर आणि कार्मेलच्या मागच्याच बाकावर निळ्या शर्टातला एक पुरुष!

फ्लेव्हियनच्या कानशिलात घण पडायला लागले. सापडला! तो दारापर्यंत गेला. तेवढ्यात तो पुरुष उठला, गुडघा टेकून त्याने क्रूसाची खूण केली आणि कुणाकडेही न बघता बाहेर निघून गेला. चांगला साठीचा होता, टक्कल पडलेला. फ्लेव्हियनला स्वतःचीच लाज वाटली, पण किती? अर्धा मिनिट. लगेच त्याचे डोळे पुन्हा आत गेले, आणखी कोण येतंय ते बघायला.

कुणीच आलं नाही. कार्मेल एकटी गुडघ्यावर होती. तिने ओंजळीत तोंड धरलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. तासभर ती तशीच होती, आणि तासभर हा बाप्या खिडकीशी उभा होता.

ती बाहेर आली आणि तो समोरच सापडला.

"पाळत ठेवायला आलास?"

प्रार्थनेला आलो, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्या दारात उभं राहून खोटं बोलवेना. "हो," तो म्हणाला.

"मी पहिल्याच दिवशी खरं सांगितलेलं तुला."

"पण फोन फाटकातच का बंद करतेस?" बघा, तेव्हाही तोंडातून तेच निघालं!

कार्मेलचा आवाज चढला नाही. "कारण इथपर्यंतचा रस्ताही मला माझा हवा असतो, फ्लेव्ही. आठवडाभर तू बघत असतोस. आठवड्यातला एक तास तरी मला फक्त देवाने बघावं."

"आणि रडतेस कशाला?"

"विचारते त्याला. जोॲनला घेऊन उत्तनला जाऊ, की राहू? शब्द दिलाय म्हणून पाय निघत नाही, आणि घरात श्वास घेता येत नाही. चार गुरुवार विचारतेय." ती थांबली. "परवा जोॲन मला म्हणाली, आई, लग्न केल्यावर असंच असतं का गं? मग मला नको."

अरे देवा! वीस वर्षं स्टोअरमधला एक नट हरवू न देणाऱ्या माणसाच्या घरातून काय काय निघून गेलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता! पोरीला नवऱ्याची, बापाची पहिली ओळख त्याच्याकडूनच झाली होती, आणि ती ओळख तिला नको होती. फ्लेव्हियन तिथेच पायरीवर बसला. ओंजळीत तोंड धरून रडला. मग स्वतःचा फोन काढून त्याने ते ॲप उडवलं. कार्मेलचा ठिपका गेला, जोॲनचाही.

"माझं चुकलं, कार्मेल. मला माफ कर."

"घरी जाऊ चल," ती म्हणाली. "पण उत्तर आज मागू नकोस."

त्याने मागितलं नाही.

रविवारी वर्गात फ्लेव्हियन उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात कागद नव्हता. "मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं शिकवलं," तो म्हणाला, आणि खिडकीशी उभं राहण्यापर्यंत सगळं सांगितलं. बायकोसमोर, पोरासोरांसमोर. मग तो सोनलकडे वळला. "बेटा, ते ॲप मी चढवलं होतं. काढून टाक."

"काय राव सर, पलटी मारली तुम्ही!" रत्नदीप उठला. "सोनल, काढायचं नाही हां. सांगून ठेवतो."

सोनलने काढलं. रत्नदीप दार आपटून गेला. त्या दोघांचं नाव चर्चमध्ये तिसऱ्यांदा वाचलं गेलं नाही. ते पुढे जमेल की नाही, देव जाणे. पण आपण पेरलेलं होतं ते, हे फ्लेव्हियनने कबूल केलं, आणि तो रत्नदीपच्या घरी दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा दार उघडलं नाही. तो तिसऱ्यांदा जाणार आहे.

पुढचा गुरुवार. फ्लेव्हियनने घरी येऊन कुकर लावला. जोॲन अभ्यास करत होती.

"पप्पा, आई कुठे पोचली?"

"चर्चला असेल."

"असेल? बघितलं नाही तुम्ही?"

"नाही गं. ती येईल ना."

जोॲन त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठून न सांगता कांदा चिरायला त्याच्या शेजारी आली, आणि शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीची गोष्ट सांगायला लागली. किती महिन्यांनी!

कार्मेल आली. जपमाळेची वेळ झाली. टोपलीत सगळ्यात आधी फ्लेव्हियनचा फोन पडला होता. कार्मेलने आपला त्यावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या मोठ्या बॅगेकडे बोट केलं.

"फ्लेव्ही, ती बॅग वर ठेव ना कपाटावर. माझा हात पोचत नाही."

वाचकहो, घराचा कर्ता व्हायचं असेल तर जरूर व्हा. पण बायकोमुलांच्या पावलांवर नजर ठेवून कुणी कर्ता होत नाही. आपण दिलेला शब्द पाळावा, तिने दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवावा, आणि चुकलं तर घरात सगळ्यात आधी आपले गुडघे टेकावेत. फ्लेव्हियनने स्टूल ओढलं, बॅग वर चढवली, आणि खाली उतरून प्रार्थनेला बसला. या वेळी त्याच्या दोन्ही हातांत माळच होती.