भुंगीची वेणी

“तू विंचर पटकन, मी हात धरतो,” नवरा म्हणाला. त्यानं लेकीचे हात धरले, मी कंगवा टेकवला आणि तिनं अशी किंकाळी फोडली की कुकरची शिट्टीसुद्धा त्यात विरून गेली.

भुंगी हे तिचं घरातलं नाव. दिवसभर ती शब्दांशिवाय गुणगुणत असते, म्हणून भुंगी. ती स्वमग्न आहे. कंगव्याचा नुसता दात लागला तरी तिला डोक्यावर ठिणगी पडल्यासारखं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. केस मोकळे सोडले तर ती ते चावून गिळते. पोटात गोळा झाला तर ऑपरेशन, हेही त्यांनीच बजावलेलं. एकदा कापून पाहिले, तर आखूड टोकं टोचतात म्हणून तिनं मान ओरबाडून काढली. राहता राहिली वेणी. आणि वेणी म्हणजे रोज सकाळी हे असं.

माझे सासरे, अप्पा, दारात उभे राहून बघत होते. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस, आता निवृत्त.

“उद्यापासून मी घालतो,” ते म्हणाले.

नवऱ्याला हसू आलं. “अप्पा, तुम्हाला स्वतःचे सांभाळता आले नाहीत.”

अप्पांनी टकलावरून हात फिरवला. “ज्याचे गेलेत त्यालाच किंमत असते, बाळा. तू डबा भर.”

दुसऱ्या दिवशी अप्पा भुंगीच्या मागे नाही, समोर बसले. कंगवा तिला दाखवला. “लावू?”

भुंगी खिडकीकडे बघत गुणगुणत राहिली. अप्पाही बसून राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, “लावू?”

“अप्पा, विचारत बसलात तर शाळा सुटायची वेळ होईल,” मी म्हटलं.

“खांबावर माणूस असला ना, की खालच्यानं विचारायचं, ‘फ्यूज टाकू?’ वरून ‘टाक’ आल्याशिवाय हात लावायचा नाही. वरचा गप्प आहे म्हणजे हो म्हणतोय, असं धरून चालणारा लाइनमन मी एकदाच बघितला.”

एवढं बोलून ते पुन्हा भुंगीकडे वळले.

त्या दिवशी शाळेची व्हॅन भुंगीला न घेताच निघून गेली. नंतरचे काही दिवसही तसंच. शाळेतून फोन आला, असंच चाललं तर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते, आणि बाहेरून तोच शांत आवाज येत होता, “लावू?”

मग एका सकाळी भुंगीनं टाच स्टुलाच्या पायावर मारली. टक्.

अप्पांनी एकदाच कंगवा फिरवला आणि उचलला. “लावू?” टक्. पुन्हा एकदा. मी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात उभी. “अप्पा, आधी टोकाचा गुंता सोडवा, मग वर जा,” मी हळूच म्हटलं. “बरं सांगितलंस,” ते म्हणाले. त्या दिवशीची वेणी म्हणजे कुणीतरी घाईत पिळलेली दोरी होती. मला ती इतकी आवडली की मी दिवसभर येता-जाता तिच्याकडे बघत होते.

पुढे एका दुपारी भुंगी शाळेत असताना मी अप्पांच्या खोलीत गेले. आभार मानायचे होते, पण घरच्या माणसाचे आभार मानताना जीभ अडखळतेच. तेच म्हणाले, “तुझी सासू जन्मभर स्वतःची वेणी स्वतःच घालायची. मी कधी हात लावला नाही गं. चांगलं काम होतं ते, राहून गेलं.”

रोज सकाळी अशी टक्-टक् करत वेणी होऊन व्हॅन गाठता येऊ लागली. आज मात्र वेणी अर्ध्यावर आली आणि भुंगीचं गुणगुणणं थांबलं. तिनं तळवा वर केला.

“थांब.”

शब्द. किंकाळी नाही, ओरबाडणं नाही. शब्द.

अप्पांचा कंगव्याचा हात होता तिथेच हवेत राहिला. दुसऱ्या हातात वेणीचे पेड. खाली व्हॅनचा हॉर्न वाजला. या वयात हात असा किती वेळ धरवणार?

“अप्पा, हात तरी खाली घ्या.”

“थांब म्हणालीये,” ते कुजबुजले. “सोड नाही म्हणाली.”

मी चपला न घालताच खाली धावले. व्हॅनवाले काका घड्याळाकडे बघत होते. आधीची सगळी मुलं आत बसलेली.

“काका, थोडं थांबाल?”

“किती वेळ, ताई?”

“विचारलंय तिला, उत्तर यायचंय,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, एकदा वर आमच्या खिडकीकडे. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.