दोन्ही बँडची ड्रमर

रक्षिता शाळेत असताना ड्रम शिकायला लागली, तेव्हा गडहिंग्लजच्या त्यांच्या गल्लीनं तिच्या आईला, दानम्माला, बरंच ऐकवलं. पोरीच्या जातीनं हे काय बडवत बसायचं, असं दीर शिवप्रसादही म्हणाले. दानम्मानं कापडाच्या दुकानामागची खोली मोकळी केली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि दिरांना सांगितलं, "ती वाजवणार. तुमास्नी तरास हुईत असंल तर खिडकी लावून घ्या."

पुढं कोल्हापूरच्या कॉलेजात रॉक बँड झाला, मग लग्नाचे ऑर्केस्ट्रा, मुंबईतली रेकॉर्डिंग. एका म्हाताऱ्या पियानोवादकानं तिला जॅझची गोडी लावली आणि ती युरोपातही वाजवून आली. पण दुकान सोडून दानम्मा कधी कार्यक्रमाला गेली नव्हती. गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरातच कार्यक्रम ठरला, तेव्हा मात्र ती पुढच्या रांगेत येऊन बसली.

आधी जॅझ होतं. रक्षिता तारांच्या ब्रशनं इतकं हळू वाजवत होती की शेजारच्या खुर्चीवरचे हंबीरराव कुरकुरले, "ह्ये काय, आवाजच न्हाय की." दानम्मा कान देऊन ऐकत होती. पियानो हळू झाला की लेक त्याहून हळू होत होती, बास गिटारवाल्याची पाळी आली की नुसती झांज तेवढी ठेवत होती. थोड्या वेळानं हंबीररावही पुढं वाकून ऐकायला लागले.

मध्यंतरात गडबड झाली. नंतरच्या रॉक बँडचा ड्रमर पायरीवरून घसरला आणि त्याचं मनगट सुजलं. बँडचा गायक ऋतुराज रक्षिताकडं आला.

"ताई, वाजवशील काय?"

"गाणी ऐकव."

कानात इअरफोन घालून ती डोळे मिटून बसली. बोटं गुडघ्यावर चालत होती.

"शेवटच्या गाण्यात सात मात्रांचा तुकडा हाय. तेवढा सोडूया," ऋतुराज म्हणाला.

"का सोडायचा? वाजवू की."

तिनं ड्रमच्या चाव्या फिरवून त्यांचा सूर खर्जात उतरवला, जाड काठ्या घेतल्या आणि पहिल्याच ठोक्याला खुर्च्या हादरल्या. सात मात्रांच्या तुकड्यात ऋतुराजच चुकला. रक्षितानं पुढच्या समेवर असा दणका दिला की तो बरोबर जागेवर आला. सगळं सभागृह उभं राहिलं.

"आक्का, कुठली म्हणायची ही पोरगी? मुंबईची?" हंबीररावांनी ओरडून विचारलं.

"गडहिंग्लजची. माझी लेक हाय."

हंबीररावांनी मागच्या रांगेकडं वळून सांगितलं, "आई हाय ही, तिची आई." लोक माना उंचावून दानम्माकडं बघायला लागले. तिनं पदर सारखा केला आणि ताठ बसली.

दानम्मा रंगमंचामागं गेली, तेव्हा रक्षिता घाम पुसत होती. तिनं आईला विचारलं, "अव्वा, कान दुखलं काय?"

"दुखू देत. पण ते पयलं, हळू वाजवलेलं, तेच अवघड हुतं न्हवं?"

रक्षिताचा हात थांबला. "व्हय अव्वा. तेच."

"वाटलंच मला."

दानम्मानं काठ्यांची पिशवी उचलली. ऋतुराज घ्यायला पुढं आला, पण तिनं दिली नाही. पिशवी खांद्याला लावून लेकीच्या पुढं गर्दीतून वाट काढत ती बाहेर निघाली.